सेनगावचे शिडवाले हबीबभाई

हबीबभाईंच्या हातची ताडपत्री मी आयुष्यात एकदाच वापरली. खळ्यावर सोयाबीनचा ढीग होता आणि आभाळ भरून आलं होतं. म्हणून शेजारधर्माला जागून त्यांच्याच दुकानातली नवीकोरी ताडपत्री नेली, ढिगावर टाकली, कडेनं दगड ठेवले आणि निवांत चहा प्यायला बसलो. वारा सुटला तशी ताडपत्रीनं मधून पोट फुगवलं, दगड सोडून दिले आणि जी उचलली ती दोन शेतं ओलांडून एका बाभळीवर जाऊन बसली. मागोमाग पाऊस आला.

मी तणतणत दुकानात गेलो. म्हटलं, "हबीबभाई, ही कसली ताडपत्री देली तुमी?"

माफी मागायची सोडून ह्या माणसानं मला विचारलं, "किती दूर गेली?"

"दोन शेतं."

त्यांनी डोळे मिटले. कानात कोणी अत्तराचा फाया घालावा तसा चेहरा झाला त्यांचा. मग डोळे उघडून म्हणाले, "आधी कडेनं उचलली का मधून?"

"माझं सोयाबीन भिजलं, हबीबभाई."

"ते तर भिजलंच. पन मधून उठली का?"

"मधून," मी म्हटलं. खोटं कशाला बोलायचं. त्यांनी समाधानानं मान हलवली आणि माझ्यासाठी चहा सांगितला. तो चहा मी रागारागानं प्यालो, पण प्यालो.

माझं बी-बियाण्याचं आणि खताचं दुकान, आणि त्यांचं हे ताडपत्रीचं, भिंतीला भिंत लागून. त्यांच्या पाटीवर ओळीनं लिहिलेलं होतं: ताडपत्री, मंडप, ट्रॅक्टरचं छप्पर, आणि सगळ्यात खाली लाल रंगात, शीड. सेनगावात शीड कोणाला लागतं हा प्रश्न मी त्यांना बावीस वर्षं विचारला. समुद्र आमच्यापासून इतका लांब की आमच्याकडच्या बऱ्याच लोकांनी तो टीव्हीतच पाहिलेला. पण हबीबभाई शिडं शिवायचे, ती शिडं लावून होडी चालवायचे आणि वर होड्यांच्या शर्यतीतही उतरायचे. हिंगोली जिल्ह्यात ह्या धंद्यातला दुसरा माणूस नव्हता, त्यामुळे जिल्ह्यात तरी त्यांचा पहिला नंबर कायम होता.

दिसायला उंच आणि किडकिडीत. ढगळ पांढरा कुडता, कॉलरला कायम एक दाभण टोचलेलं आणि खिशात सुतळीला लावायच्या मेणाचा गोळा. उन्हाळ्यात तो गोळा वितळायचा आणि कुडत्याचा खिसा कायमचा चिकटून बसायचा. मग जैतुनभाभी, म्हणजे त्यांची बायको, तो खिसा कात्रीनं उघडून द्यायच्या.

त्यांना वाऱ्याचं येड होतं. वारा कुठून येतोय ते कळावं म्हणून शिडाला लोकरीचे धागे लावतात म्हणे. ह्यांनी ते धागे शिडावर ठेवले नाहीत. लुनाच्या आरशाला लाल लोकर, दुकानाच्या शटरला लाल लोकर, माझ्या पाटीला मला न विचारता लाल लोकर. एकदा तर बाजारात बांधलेल्या कोणाच्या तरी शेळीच्या शिंगाला. ती शेळी मान हलवायची आणि हे उभे राहून म्हणायचे, "हवा फिरून राहिली." मी म्हणायचो, "शेळी फिरून राहिली." ते ऐकायचे नाहीत.

आणि समोरून वारा असला की हबीबभाई सरळ चालत नसत. होडीला वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही, आडवंतिडवं नागमोडी जावं लागतं, हे मला त्यांनीच शंभरदा सांगितलेलं. पण ही गोष्ट होडीची आहे, लुनाची नाही, हे त्यांच्या गळी उतरेना. पश्चिमेचं वारं सुटलं की हे लुनावर रस्त्याच्या ह्या कडेपासून त्या कडेला, त्या कडेपासून ह्या कडेला. मागून येणारे जीपवाले शिव्या घालायचे. एकदा एका नव्या हवालदारानं त्यांना दारू पिऊन गाडी चालवतो म्हणून धरलं. आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस. हवालदारानं तोंडाचा वास घेतला, काही येईना. म्हणाला, "मंग वाकडं काहून चालवून राहिलात?" हबीबभाईंनी त्याला खाली बसवून मातीत काडीनं वारा, होडी आणि शीड काढून दाखवलं. अर्ध्या तासानं हवालदारानंच त्यांना हात जोडले. जाताना त्याच्या मोटारसायकलच्या आरशाला लाल लोकर बांधलेली मी स्वतः पाहिली.

हे सगळं सुरू झालं ते येलदरीच्या धरणावर. तिथं एक साहेब बदलून आले होते. नोकरीची शेवटची वर्षं आणि पाण्याचा शौक. त्यांनी कुठून तरी शिडाच्या दोन जुन्या होड्या आणल्या. एक दिवस एका होडीचं शीड फाटलं. जाड कापड शिवायची मशीन आमच्या भागात एकच, हबीबभाईंची. साहेबांनी शीड जीपमध्ये घालून पाठवलं आणि सांगितलं, फाटलेलं तेवढं शिवून द्या.

हबीबभाई तेव्हा चाळिशीच्या आतबाहेर, धंद्यात नावाजलेले. त्यांची शिवण पट्टी लावून बघावी इतकी सरळ. त्यांनी ते शीड दुकानात पसरलं आणि कपाळाला हात लावला. कापडाचा एकेक पट्टा कडेला तिरपा कापलेला, शिवणी सगळ्या वाकड्या, आणि कापड मधोमध फुगलेलं. कोणा अडाण्यानं साहेबाला फसवलं म्हणून ह्यांचा जीव हळहळला. दोन दिवस बसून त्यांनी सगळ्या शिवणी उसवल्या, पट्टे सरळ कापले, नव्यानं शिवले, शीड चादरीसारखं सपाट केलं आणि आपल्या मनानं तिन्ही कडांना पितळी रिंगा ठोकल्या. मग स्वतः घेऊन गेले.

"कोन्या येड्यानं समदं तिरपं शिवलं व्हतं, साहेब," ते म्हणाले. "सरळ करून आनलं."

साहेब बराच वेळ शिडाकडं बघत राहिले. ओरडले नाहीत. त्यांनी ते शीड होडीला चढवलं, हबीबभाईंना आत बसवलं आणि होडी पाण्यात सोडली. हलकं वारं होतं, पण होडी पुढं जाईना. म्हातारी म्हैस गोठ्यात सरकते तशी आडवी सरकत राहिली. मग साहेबांनी त्यांना दुसऱ्या होडीत बसवलं, जिच्या शिडाचं पोट शाबूत होतं. शिडानं पोट धरलं आणि होडी निघाली. हबीबभाईंची टोपी पाण्यात गेली, तिकडं त्यांचं लक्षही नव्हतं. भाभी सांगायच्या, सकाळी गेलेला नवरा संध्याकाळी परत आला तो दुसराच होता. आल्याबरोबर म्हणाला, जैतून, कापडाला पोट पाहिजे.

त्या दिवसापासून त्यांच्या हाताखालून जे कापड गेलं त्याला पोट आलं. शिडाला आलं ते ठीक. पण ताडपत्रीला आलं, ट्रॅक्टरच्या छपराला आलं, आणि शेवटी साखरा गावातल्या एका लग्नाच्या मंडपाला आलं.

त्या लग्नाला मी होतो. दुपारचा मुहूर्त, मंगलाष्टकं सुरू, सगळ्यांच्या मुठीत अक्षता. वारा आला आणि मंडप हळूच मधून वर उठला. लोकांना वाटलं काही तरी नवीन सोय केलेली दिसते. मग एका बाजूचे खांब मातीतून निघाले. पळापळ झाली. हबीबभाई जेवणाच्या बाजूला होते, ते धावत आले आणि एक दोर धरून वऱ्हाड्यांना हुकूम सोडायला लागले. "तुमी डावीकडं वढा. पाव्हने, ढील द्या, ढील. मामा, तुमी मागं झुका." आणि गंमत अशी की लोक ऐकायला लागले. फेटे बांधलेले तीसेक बाप्ये दोर धरून मागं झुकलेले, वर मंडप पोट काढून ताणलेला, आणि भटजी एका कोपऱ्यात मंगलाष्टकं संपवून घेतायत. पंधरा मिनिटं साखऱ्याच्या वऱ्हाडानं तो मंडप चालवला. मग वारा पडला आणि मंडप ओढ्याच्या कडेला बसला. कोणाला खरचटलंही नाही. मुलीचा बाप काठी घेऊन आला तेव्हा हबीबभाई त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काय हवा धरली व्हती त्यानं, पाह्यलं का तुमी?" त्या बापानं काठी कशी आवरली त्याचं त्यालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी जैतुनभाभी दुकानात आल्या. आल्या त्या पुन्हा घरी बसायला गेल्या नाहीत. बुटक्या, ठसठशीत बाई, नाकावर चष्मा आणि हातात त्यांची स्वतःची मोठी कात्री. घरात त्यांची दखनी चालायची, पण दुकानात नवराबायको माझ्यासमोर मराठीत भांडायचे, म्हणजे मला साक्षीला धरता यायचं. भाभींनी खडू घेतला आणि दुकानाच्या फरशीवर मधोमध एक रेघ ओढली.

"गनपतभाऊ, तुमी साक्षी," त्या मला म्हणाल्या. "रेघेच्या हिकडं समदं सरळ. ताडपत्री, मंडप मी कापनार. रेघेच्या तिकडं ह्यांनी काय पोटं काढायची ती काढावी. ह्यांचा हात हिकडं आला न्हाई पाहिजे, माझा तिकडं जानार न्हाई. पन रेघेच्या हिकडं जे कापड पडलं ते सरळ व्हनार, मंग ते कोनाचं बी असो."

ती रेघ भाभी दर सोमवारी नव्यानं ओढायच्या. दुकान सावरलं ते त्या रेघेमुळंच. भाभींची ताडपत्री वादळातही जागची हलायची नाही. पार डोंगरकडा गावाहून लोक हळदीवर टाकायला घेऊन जायचे, आणि नेताना विचारायचे, भाभीची का भाईची? भाभीची म्हटलं की गाठोडं उचलायचे.

रेघेच्या पलीकडं हबीबभाईंचंही चांगलं चाललं होतं, ही मात्र कबूल करायची गोष्ट. साहेब रिटायर होऊन गेले, पण जाताना होड्या आणि ओळखी ठेवून गेले. धरणावर दर वर्षी संक्रांतीनंतरच्या रविवारी शर्यत व्हायला लागली. नागपूर, पुणे, हैदराबादकडून हौशी लोक गाड्यांवर होड्या बांधून यायचे. त्यांनी हबीबभाईंची शिडं पाहिली आणि मागणी यायला लागली. एस्टीच्या टपावर बांधून शिडं पुण्याला जायची. पाच-सहा वर्षांत अशी गत झाली की शर्यतीतल्या झाडून सगळ्या होड्यांना ह्यांच्याच हातची शिडं.

आणि सगळ्यात वाईट शीड त्यांच्या स्वतःच्या होडीला. गिऱ्हाइकाचं शिवता शिवता शर्यतीचा दिवस यायचा. मग राहिलेल्या तुकड्यांतून, थोडं शिडाचं कापड, थोडी निळी ताडपत्री, थोडी पिवळी, असं गोधडीसारखं काही तरी शिवून हे पाण्यात उतरायचे. वर शर्यतीत ह्यांचं लक्ष आपल्या होडीवर कमी आणि दुसऱ्यांच्या शिडांवर जास्त. पुढं गेलेल्याच्या शिडाकडं बघून "काय धरलंय, काय धरलंय" करत हे मागं राहायचे.

संध्याकाळी दुकानाशी परत आले की भाभी मान वर न करता विचारायच्या, "कितवे?"

"सातवे."

"होड्या किती व्हत्या?"

"सात."

मग भाभी कात्री चालवत म्हणायच्या, "पहिले या. मंग येते मी पाह्यला."

हे वीस वर्षं चाललं. भाभींनी शर्यत पाहिली नव्हती, होडी पाहिली नव्हती, धरणावरही कधी गेल्या नव्हत्या. मला ती दोघांतली मस्करी वाटायची. पण एका दुपारी ओट्यावर चहा पिताना हबीबभाई एकदम म्हणाले, "गनपतराव, हवालदारानं पाह्यलं, पुन्याच्या लोकांनी पाह्यलं, तुमी पाह्यलं. शिडानं हवा धरली की कसं व्हतं ते तिनं न्हाई पाह्यलं. एकदा तिनं पाहावं, बस."

"मंग घेऊन जा ना एकदा. शर्यत काहून पाहिजे त्याला?"

"न्हाई येनार. तिनं म्हनलंय पहिले या. मी तिला काही म्हनलं की मी बी बदलत न्हाई."

त्याच सुमाराला त्यांचा उजवा खांदा गेला. हिंगोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, वाटी झिजली, होडीचे दोर ओढणं बंद करा. हबीबभाईंनी घासाघीस करून एक शर्यत मागून घेतली. डॉक्टर म्हणाले, बरं, ही शेवटची.

होडीत दोन माणसं लागतात. एक सुकाणू आणि शीड बघणारा, दुसरा नुसतं वजन. वारा शिडाला दाबायला लागला की ह्या वजनानं होडीच्या कडेबाहेर मागं झुकायचं, म्हणजे होडी पालथी होत नाही. त्यांचा नेहमीचा भाचा पुण्याला नोकरीला लागला होता. एक दिवस हबीबभाई माझ्या दुकानात येऊन माझ्याकडं बघत उभे राहिले.

"काय?" मी म्हटलं.

"जरा काट्यावर उभं राहा."

"काहून?"

"राहा तर."

माझ्या दुकानात पोती तोलायचा काटा आहे. त्यावर मी चौऱ्याण्णव किलो भरलो. हबीबभाईंनी माझ्याभोवती एक चक्कर मारली, पोटाकडं फार प्रेमानं पाहिलं आणि म्हणाले, "बराबर. इतकं वजन सेनगावात वाया चाललंय."

मला पोहता येत नाही, हे मी सांगितलं. ते म्हणाले, जाकीट देतात. मला पाण्याची भीती वाटते, हेही सांगितलं. ते म्हणाले, तुमी मागं झुकनार, आभाळाकडं तोंड राहील, पानी दिसनारच न्हाई. पुढचे पंधरा दिवस संध्याकाळी दुकानाच्या ओट्यावर माझा सराव चालला. पाय युरियाच्या पोत्याखाली अडकवायचे आणि ओट्याच्या कडेवरून मागं झुकायचं. हबीबभाई "हवा आली" म्हटले की मागं, "हवा गेली" म्हटले की वर. गिऱ्हाइकं हातात पिशव्या घेऊन उभी राहायची. माझी बायको त्या पंधरा दिवसांत दुकानाच्या रस्त्यानं गेली नाही.

ह्या वेळी त्यांनी स्वतःचं शीड मन लावून शिवलं. तुकड्यांचंच, पण एकेका शिवणीला वेळ देऊन. शीड झालं आणि ठेवायला जागा नव्हती, कारण रेघेच्या त्यांच्या बाजूला गिऱ्हाइकांच्या शिडांचा ढीग लागला होता. म्हणून त्यांनी ते घडी करून रेघेच्या अलीकडं, भाभींच्या बाजूला ठेवलं आणि चार दिवस गिऱ्हाइकांची शिडं पोचवायला नागपूरला गेले.

शर्यतीच्या सकाळी धरणावर अकरा होड्या होत्या. वारं जेमतेम. हबीबभाई खुशीत. असल्या हलक्या हवेत मोठ्या पोटाचं शीड पळतं, आणि आजच्याइतकं पोट त्यांनी कधी काढलं नव्हतं. त्यांनी घडी उघडली, शीड वर चढवलं आणि बोलायचे थांबले.

शीड सपाट होतं. पोट नाहीच. दाराला लावलेल्या पडद्यासारखं सरळ खाली लोंबत होतं.

हबीबभाई जवळ गेले. त्यांनी एका शिवणीवरून बोट फिरवत नेलं. शिवण सुतासारखी सरळ, आणि तिच्या शेवटी दुहेरी गाठ. तशी गाठ सेनगावात एकच बाई मारते. सगळ्या शिवणी उसवून, पट्टे सरळ कापून पुन्हा शिवलेलं होतं.

बाजूला पुण्याची पोरं होती, त्यांच्याही लक्षात आलं. त्यातला एक म्हणाला, "चाचा, आमच्याकडे जादा शीड आहे. तुम्हीच शिवलेलं. घ्या ना."

"न्हाई," हबीबभाई म्हणाले. "हेच राहू द्या."

मी त्यांना बाजूला घेतलं. "अहो, पोट न्हाई त्याला. आडवे सरकनार आपन. तुमीच सांगता ना?"

"सरकू."

"हबीबभाई, शेवटची शर्यत हाय. पहिले न्हाई आले तर भाभी येनार न्हाईत."

ते माझ्यावर कधी चिडले नव्हते. तेव्हा चिडले. "गनपतराव, एका डोळ्यात मोतीबिंदू हाय तिच्या. मी न्हाई तवा बसून एकेक टाका उसवला असेल तिनं. ते काढून ठेवू मी? लोकांसमोर?"

मी जाकीट घातलं, पोटावर ते बसेना, म्हणून वरून सुतळी बांधली आणि होडीत बसलो. खरं सांगतो, मला त्या वेळी भाभींचा फार राग आला होता.

शिट्टी झाली. दहा होड्या निघाल्या आणि आम्ही आडवे सरकायला लागलो. पिवळ्या पिंपाला वळसा घालून यायचं, असे तीन फेरे. सगळ्यांचा पहिला फेरा झाला तेव्हा आम्ही पिंपापर्यंत पोचत होतो. हबीबभाई पुढच्या होड्यांकडं बघून "काय धरलंय" म्हणत होते, पण हळू. मी आभाळाकडं तोंड करून बसलो होतो, म्हणून ते ढग आधी मला दिसले.

"हबीबभाई, आभाळ येऊन राहिलं."

त्यांनी मागं वळून पाहिलं. जिंतूरच्या बाजूनं काळं आभाळ आणि पाण्यावर पळत येणारी एक गडद पट्टी. "गनपतराव," ते म्हणाले, "मागं."

मी मागं झुकलो आणि वारा आला. पुढं काय झालं ते मी उलटा लटकून पाहिलं, त्यामुळं थोडं इकडंतिकडं होईल. हबीबभाईंनी जन्मभर काढलेली मोठमोठी पोटं त्या वाऱ्यानं एकदम भरली. पुण्याची होडी आडवी झाली. नागपूरची झाली. हैदराबादच्या दोन एकमेकींवर गेल्या. कोणी शीड उतरवायला धावला, कोणी सगळे दोर सोडून दिले. पाण्यात जिकडंतिकडं नारंगी जाकिटं तरंगायला लागली आणि काठावरची मोटारबोट त्यांना वेचायला निघाली. आणि आमचं ते सपाट, निळंपिवळं, भाभींनी मुसक्या बांधलेलं शीड जास्त वारा घेईनाच. लागेल तेवढा घेतला, बाकीचा सोडून दिला. होडी चालायला लागली. चांगली पळायला लागली. माझी एक चप्पल गेली, अर्धा लोटा पाणी पोटात गेलं, ज्या देवांची नावं आठवली ती घेऊन झाली. वरून हबीबभाई पाण्यातल्या माणसांना विचारत होते, "शिवन तर न्हाई ना उसवली?" त्या बिचाऱ्यांनी पाण्यातून हात हलवून नाही म्हणून सांगितलं.

तिसरा फेरा संपला आणि शिट्टी झाली. मागं दोनच होड्या उभ्या उरल्या होत्या, त्याही शिडं उतरवून जागच्या जागी.

"कितवे?" हबीबभाईंनी विचारलं.

"पहिले," मी म्हटलं.

त्यांनी सुकाणू सोडून दिलं आणि तोंडावरून हात फिरवला. होडी आपोआप काठाला लागली. नंतर मी विचारलं, "सपाट शीड जोराच्या हवेत चालतं, हे तुमाला ठाऊक असेलच."

"शिडवाल्याला ठाऊक नसेल का?"

"मंग हवा वाढनार हेही कळलं व्हतं?"

"न्हाई," ते म्हणाले.

आम्ही संध्याकाळी सेनगावला पोचलो. भाभी दुकानात ताडपत्री कापत होत्या.

"कितवे?"

"पहिले."

कात्री थांबली. भाभींनी माझ्याकडं पाहिलं. "गनपतभाऊ?"

"पहिले, भाभी. शप्पथ."

भाभींनी चष्मा काढून पदराला पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणाल्या, "तरी मी म्हनत व्हते. वीस वर्षं पोट ठेवून काय भेटलं? रेघेच्या हिकडं पडलं व्हतं, मी सरळ करून टाकलं. सरळ शिवलं की व्हतंय."

मी हबीबभाईंकडं पाहिलं. हवालदाराला अर्धा तास मातीत बसवणारा हा माणूस. नवरीच्या बापाला काठीसकट समजावणारा. आता हे सांगणार, आज वारा आला म्हणून, एरवी सपाट शीड म्हणजे काही नाही, कापडाला पोट पाहिजे. हबीबभाईंनी तोंड उघडलं, बायकोकडं पाहिलं, आणि म्हणाले, "व्हय जैतून. बराबर हाय तुझं."

भाभी दिलेल्या शब्दाला पक्क्या. पुढच्याच रविवारी त्या धरणावर आल्या.

आता दोघंही नांदेडला लेकीकडं राहतात. शेजारच्या दुकानात मोबाइलचे कव्हर विकतात. तो नवा दुकानदार भला आहे, पण त्याच्याकडून कधी कसली तकलीफ होत नाही आणि मला करमत नाही. माझ्या पाटीवरची लाल लोकर मी काढलेली नाही. नांदेडला गोदावरी आहे, त्यामुळं तिथल्या पोलिसांची मला काळजी वाटते.

त्यानंतर ते एकदोनदा येऊन गेले, पण हबीबभाई म्हटलं की मला तो रविवारच दिसतो. मी काठावर बसलो होतो. हबीबभाईंना खांद्यामुळं दोर ओढायचे नव्हते, आणि वारंही नावाला. मी म्हटलं होतं, दुकानातलं एखादं पोटाचं शीड आणू का, भाभींना पळणारी होडी तरी दिसेल. हबीबभाईंनी ऐकल्यासारखं केलं आणि भाभींनी शिवलेलं तेच सपाट शीड वर चढवलं. भाभी डबा आणि काळी छत्री घेऊन होडीत बसल्या. मी होडी ढकलून दिली. ती पंधरावीस हात गेली आणि उभी राहिली.

अर्धा तास उभी होती. दोघांनी डबा खाल्ला. भाभी शिडावरच्या शिवणी बोटानं दाखवत काही तरी समजावून सांगत होत्या आणि हबीबभाई मान हलवत होते. मग ऊन लागलं म्हणून भाभींनी छत्री उघडली. कुठून तरी बारीक झुळूक आली, शीड हललं नाही, पण छत्रीनं ती धरली. होडी चालायला लागली. भाभींनी पाण्याकडं पाहिलं, मग मान वर करून आपल्या शिडाकडं पाहिलं आणि कौतुकानं हसल्या.

हबीबभाईंनी छत्रीकडं पाहिलं. पुढं होऊन त्यांनी भाभींच्या हातावर हात ठेवला, छत्रीचा दांडा धरला आणि हळूच दोन बोटं वाऱ्याकडं कलता केला.